चार रात्री बँकॉक, सूर्यास्त पावणेसहा



माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना राग यायचा त्यांचा तो लवकर येऊन जाईल. साठी ओलांडलेल्या आपल्यासारख्या चार बायकांनी स्वतः बेत आखून बँकॉकला चार रात्री जाऊन यावं. 'जैन टूर'च्या मागे लागू नये. आणि असं गेलं तर आपले नियम बुडत नाहीत, उलट टूरपेक्षा चांगले पाळले जातात.

आता यातली पहिली अडचण म्हणजे ते नाव. शिखरजी म्हणा, गिरनारजी म्हणा, श्रवणबेळगोळ म्हणा, घरात कुणी मान वर करून बघत नाही. सिंगापूर म्हटलं तरी 'जा की' म्हणतात. बँकॉक म्हटलं की घरातले पुरुष एकमेकांकडे बघून हसतात आणि सुनेला एकदम स्वयंपाकघरात काम आठवतं. आपल्याकडचे व्यापारी गेली कित्येक वर्षं तिकडे 'मालाच्या कामाला' जातात, त्यांना कुणी काही विचारत नाही, आणि आपण बायकांनी नाव घेतलं की 'तिथे काय आहे तुमचं?' वाईट बाजार त्या शहरात आहे, नाही कोण म्हणतं? मुंबईतही आहे. म्हणून आपण मुंबईला मुलाकडे जायचं थांबवलं का?

त्या शहराचे स्वतःचे लोक त्याला बँकॉक म्हणतही नाहीत. ते म्हणतात क्रुंग थेप. त्यातला थेप म्हणजे आपला देव. १७८२ साली पहिल्या राम राजानं चाओ फ्राया नदीच्या पूर्व तीरावर राजधानी वसवली. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. अन्नाला तिथे 'आहान' म्हणतात, म्हणजे आपला आहारच. भाषेला 'फासा'. आणि शाकाहाराला जो शब्द आहे तो ऐका, 'मांग्सविरात'. मांसविरती! आपल्या बस्तीतल्या पंडितजींनी सांगावा असा शब्द तिथे हॉटेलच्या पाटीवर असतो. मात्र पाटी बघून लगेच आत शिरू नका, त्याचं पुढे सांगते.

टूरबद्दल इतकं तिखट का लिहिते, तेही सांगते. काही वर्षांपूर्वी मी आणि आमचे हे अशाच एका जैन टूरनं परदेशात गेलो होतो. कंपनीचं नाव घेत नाही. पत्रकावर ठळक अक्षरांत 'शुद्ध जैन भोजन, सोबत महाराज'. महाराज खरंच होते, हाताला चवही होती. कांदा नाही, बटाटा नाही, गाजर नाही. पण बस दिवसभर दुकानादुकानांतून फिरायची आणि जेवण लागायचं रात्री साडेनवाला. पस्तीस माणसांत रात्री न जेवणाऱ्या आम्ही सहा जणी. आम्हाला दुपारचंच डब्यात भरून द्यायचे, तेही बसमध्ये मांडीवर घेऊन खायचं, सूर्य कुठल्या बाजूला आहे ते खिडकीतून बघत. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, 'काकू, कार्यक्रमच तसा बसवलाय.' मला तेव्हापासून एक प्रश्न पडलाय. बटाटा काढला की जेवण जैन होतं आणि घड्याळ काढलं तर होत नाही का? रात्रिभोजनत्याग हा आपल्या आजीपणजीनं जीव लावून सांभाळलेला नियम. पत्रकात त्याला एक ओळही नव्हती.

टूर कुणीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या, एकट्यानं सामान उचलू न शकणाऱ्या बाईला दारात बस आणि हातात ताट मिळतं, हे काही थोडं नाही. आणि ज्यांनी प्रतिमा घेतल्या आहेत, ज्यांचं शोधाचं जेवण आहे, पाण्याची मर्यादा कडक आहे, त्यांनी टूरनंही जाऊ नये आणि माझ्यासारखीच्या नादी लागूनही जाऊ नये. मी बोलते आहे ते आपल्यासारख्या मधल्या बायकांसाठी. कंदमूळ नाही, रात्री जेवण नाही, पाणी गाळून, अष्टमी-चतुर्दशीला एकाशन, रोज देवदर्शन. एवढं सांभाळणारी बाई घराबाहेर पडूच शकत नाही असं आपणच ठरवून टाकलंय.

बेत आखायचा म्हणजे काय करायचं? माझं उत्तर ऐकून माझी धाकटी नणंद हसली होती, पण मी गमतीनं म्हटलं नव्हतं. देशव्रत करायचं. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे, की आयुष्यभरासाठी दहा दिशांना हद्द घालून घ्यायची. आणि त्या हद्दीच्या आत रोजच्यासाठी आणखी लहान हद्द, ते देशव्रत. (काही ग्रंथांत ते गुणव्रतात धरलंय, काहींत शिक्षाव्रतात. तो वाद पंडितांचा.) आज या गल्लीपर्यंत, आज त्या नदीपर्यंत, त्यापलीकडे नाही. परक्या शहरात नेमकं हेच लागतं. बँकॉक अफाट पसरलेलं, रस्त्यांवर गाड्यांची ही गर्दी. सकाळी एका टोकाला आणि दुपारी दुसऱ्या टोकाला असा बेत केला की अर्धा दिवस टॅक्सीत जातो. सकाळी सामायिक झालं की चौघींनी ठरवायचं, आज फक्त एवढा भाग. राहिलं ते राहिलं. मोबाईलमधल्या दहा 'बघायलाच हवं' याद्यांपेक्षा हे मला जास्त उपयोगाचं वाटतं.

कधी जायचं, याचं उत्तर तर आपल्या पंचांगातच आहे. तिथे मे ते ऑक्टोबर पाऊस, त्यातही सप्टेंबर-ऑक्टोबर जास्त. म्हणजे साधारण आपला चातुर्मास. त्यांचे भिक्खूसुद्धा पावसाळ्याचे तीन महिने एका विहारात राहतात, आपल्या मुनिमहाराजांसारखेच. आपली कार्तिकी अष्टान्हिका आटोपते, चातुर्मास सुटतो, आणि तिथली हवा सुखद होते ती फेब्रुवारीपर्यंत. मार्च-एप्रिलमध्ये ऊन सोसवत नाही, आणि एप्रिलच्या १३ ते १५ तारखांना त्यांचं नववर्ष, सगळं शहर एकमेकांवर पाणी उडवत असतं. पाणी गाळून पिणाऱ्यांचं ते काम नव्हे. त्यांचा नदीत दिवे सोडायचा सण, लॉय क्राथोंग, बहुधा आपल्या कार्तिकी पौर्णिमेलाच येतो. फोटोत फार देखणा दिसतो, पण त्या दिवशी आपली जागा बस्तीत. शिवाय हॉटेलं महाग असतात.

नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर तिथे सूर्य पावणेसहाच्या सुमाराला मावळतो, जानेवारीत सहाच्या आसपास. उगवतो साडेसहाच्या सुमाराला. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. म्हणजे जेवण आटोपायचं पाच-सव्वापाचला. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि बाकी सगळा दिवस त्याच्याभोवती बसवा. विमानही याच हिशोबानं घ्यायचं. मुंबईहून जेमतेम साडेचार तास. जाताना रात्रीचं विमान सोयीचं पडतं, सकाळी पोचतो आणि मधे खायचा प्रश्नच नाही. मध्यरात्री जैन जेवण मागवून त्याचं करायचं काय? येताना दिवसाचं घ्या आणि तिकिटाबरोबरच जैन जेवण नोंदवा. 'एशियन व्हेज' म्हणजे जैन नव्हे, त्यात कांदा-बटाटा असतोच.

राहण्याच्या बाबतीत माझा एकच हट्ट आहे. हॉटेल नको, लहान स्वयंपाकघर असलेली सदनिका घ्यायची. बँकॉकमध्ये अशा सर्व्हिस्ड अपार्टमेंट्स भरपूर आहेत. शेगडी, भांडी, फ्रीज असतो, स्वच्छता करायला माणूस येतो. स्कायट्रेनच्या स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर असावी. चौघींत दोन खोल्यांची सदनिका घेतली की पैसेही हॉटेलपेक्षा जास्त होत नाहीत. खरा फायदा पैशांचा नाहीच. साडेचारला घरी या, कुकर लावा, पाचला मुगाची खिचडी, वर तूप, सोबत घरून आणलेलं मेतकूट आणि बिनलसणाची शेंगाचटणी. टूरच्या नऊ पदार्थांपेक्षा ती खिचडी बरी. कुकर म्हणजे लहान इलेक्ट्रिकचा न्यावा. आपली जाड तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही, दोन पिनांची बसते. गाळणं दोन न्यावीत, एक हरवतंच. पाणी उकळून ठेवायला किटली असते. पिठाची मर्यादा थंडीत सात दिवसांची, म्हणजे ज्या पाळतात त्यांचं घरचं पीठ चार रात्रींना पुरून उरतं. ताजी फळं आणि भाजी मात्र इथून नेऊ नका, विमानतळावर अडवतात. आणि लागतही नाहीत. दुधी, दोडका, चवळीच्या लांब शेंगा, नारळ, पपई, पोमेलो, सगळं तिथल्या मंडईत मिळतं.

आता बाहेरच्या खाण्याचं. इथे जरा नीट वाचा.

मांग्सविरात म्हणजे मांस नाही. पण अंडं असू शकतं, कांदा-लसूण असतोच, आणि 'नाम प्ला', म्हणजे माशाचं पाणी, ते तर त्यांच्या स्वयंपाकात आपल्या मिठासारखं पडतं. नुसत्या परतलेल्या पालेभाजीतही. ती हिरव्या पपईची कोशिंबीर, सोम ताम, दिसायला अगदी आपली, पण तिच्यात सुकी कोळंबी आणि नाम प्ला दोन्ही. तेव्हा 'व्हेजिटेबल आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. त्याहून कडक शब्द आहे 'जे'. चिनी वंशाच्या बौद्ध लोकांची ही शाकाहाराची रीत. यात मांस, मासे, अंडं तर नाहीच, दूधही नाही, आणि कांदा, लसूण, पातीचा कांदा हेही नाहीत, कारण तामसी म्हणून ते वर्ज्य. पिवळ्या कापडावर लाल अक्षर असलेला झेंडा दुकानावर दिसला की ते जे. वर्षातून एकदा, बहुधा सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये, नऊ दिवस त्यांचा उत्सव असतो, तेव्हा अख्खा चायनाटाऊन या झेंड्यांनी पिवळा होतो. परमुलखात कुणीतरी स्वतःच्या धर्मासाठी लसूण सोडतं, हे वाचूनच मला त्या लोकांबद्दल आपलेपणा वाटायला लागला होता.

पण जे म्हणजे जैन नव्हे, हेही लक्षात असू द्या. त्यात मुळा, गाजर, बटाटा, मशरूम चालतं. आणि त्यांच्या दुकानांत सोयाबीनचं केलेलं खोटं बदक, खोटा मासा मांडून ठेवलेला असतो, हुबेहूब. पाप नसेल कदाचित, माझ्या घशाखाली तो आकार उतरणार नाही. मी एक कार्ड करून घ्यायला सुचवते. थाई लिपीत, मोठ्या अक्षरांत, 'जे' आणि त्याखाली: नाम प्ला नको, अंडं (खाय) नको, लसूण (क्राथियम) नको, कांदा (हुआ होम) नको, बटाटा (मान फरांग) नको. तोंडानं बोलायला जाऊ नका. त्यांच्या भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. कार्ड दाखवायचं आणि हात जोडायचे. हात जोडण्याची रीत तिथेही आहे, तिला 'वाय' म्हणतात. आंब्याचे दिवस असतील तर नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा निर्धास्त खा. शहाळं तर कुठेही.

पहिल्या दिवसाचं देशव्रत मी असं लिहिलं आहे: नदीचा काठ, राजवाडा ते वाट अरुण. स्कायट्रेननं साफान ताक्सिन स्टेशनला उतरलं की खालीच सातोर्न धक्का. तिथून नारिंगी झेंड्याची बोट घ्यायची, तिकीट १६ बातच्या आसपास. शेजारी निळ्या झेंड्याची पर्यटकांची बोट असते, ती कितीतरी महाग, नदी तीच. बोटीत, गाडीत भिक्खूंसाठी जागा राखीव असते. आपण बायकांनी त्यांच्या शेजारी बसायचं नाही, काही द्यायचं झालं तर हातात द्यायचं नाही. ते कापड पसरतात, त्यावर ठेवायचं. आपल्या त्यागींच्या बाबतीत आपण जे सांभाळतो तेच, त्यामुळे आपल्याला शिकवावं लागत नाही. आणि हो, तिथले भिक्खू दुपारी बारानंतर अन्न घेत नाहीत. संध्याकाळी जेवण नको म्हटलं तर त्या देशात तुमच्याकडे कुणी विचित्र नजरेनं बघणार नाही. रात्रीचं जेवण टाळण्याबद्दल माझं सगळ्यात जास्त स्पष्टीकरण आपल्याच लग्नांत द्यावं लागतं.

राजवाडा साडेआठला उघडतो. साडेआठलाच पोचायचं, ऊन आणि गर्दी वाढण्याआधी. परदेशी माणसाला ५०० बात तिकीट. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आपल्या साडी-सलवारला काही अडत नाही. आत पाचूच्या बुद्धाचं मंदिर आहे. मूर्ती लहानशी, हिरव्या दगडाची, आणि ऋतू बदलला की राजा स्वतः तिची वस्त्रं बदलतो, वर्षातून तीन वेळा. माझं खरं आकर्षण तिथल्या ओवरीतली चित्रं. १७८ चित्रांत त्यांचं सगळं रामायण रंगवलंय, रामकियेन. त्यांचा हनुमान ब्रह्मचारी नाही, बायका-मुलांचा आहे. इतर लोक ऐकून चकित होतात. आपण पद्मपुराण ऐकलेल्या बायका, आपल्याकडेही हनुमान विद्याधर आणि संसारी, आणि शेवटी आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या मांगीतुंगीवरून मोक्षाला गेलेले. रामायणं किती प्रकारची असतात हे समजायला ती ओवरी फार चांगली आहे. तासभर द्या तिला.

तिथून चालत वाट फो. ४६ मीटर लांब पहुडलेला बुद्ध, तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ मंगलचिन्हं. तीर्थंकरांच्या देहावरची १००८ लक्षणं आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्याच आवारात त्यांची परंपरेनं चालत आलेली मालिश शिकवण्याची शाळा आहे. मालिश पूर्ण कपड्यांत करतात, तेल नाही. गुडघेदुखीवाल्यांनी लाजू नये. मग पलीकडच्या तीरावर जायला छोटी होडी, आणि समोर वाट अरुण. सगळा कळस चिनी मातीच्या रंगीत तुकड्यांनी मढवलेला. पायऱ्या फार उभ्या आहेत, खालून बघितलं तरी चालतं.

मैत्रिणी विचारतात, बुद्धाच्या देवळात जायचं तर सम्यक्त्वाला बाधा नाही का? माझं मत असं. आपण पूजेला जात नाही, बघायला जातो. चप्पल बाहेर काढायची, मूर्तीकडे पाय करून बसायचं नाही, आदरानं बघायचं, बाहेर यायचं. मनात णमोकार चालू असतोच. महावीरस्वामी आणि बुद्ध एकाच काळात, एकाच मगधात विहार करत होते. बौद्धांच्या पाली ग्रंथांत आपल्या स्वामींचा उल्लेख निगंठ नातपुत्त या नावानं आहे. शेजारच्या घरी जाताना एवढं घाबरू नये.

दोन गोष्टींना मात्र घाबरा. राजवाड्याच्या बाहेर एक नीटनेटका माणूस भेटतो आणि गोड बोलून सांगतो, आज राजवाडा बंद आहे, मी स्वस्तात टुकटुक करून देतो. ती टुकटुक जाते रत्नांच्या दुकानात. जैन बायका म्हटल्यावर सोनं-खडे आपल्याला कळतात असा आपला समज असतो, तोच त्यांना हवा असतो. सरळ प्रवेशदारापर्यंत चालत जाऊन बघायचं. दुसरी गोष्ट जीवदयेची, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. देवळांजवळ, नदीकाठी पिंजऱ्यात लहान चिमण्या आणि पिशव्यांत मासे, कासवं विकायला असतात. पैसे द्या, सोडा, पुण्य मिळवा. आपल्या बायकांचा हात लगेच पर्सकडे जाणार, मला माहीत आहे. देऊ नका. ते पक्षी सोडण्यासाठीच पकडलेले असतात. आपण जितके सोडवू तितके उद्या पुन्हा धरले जातील. मी कॉमर्सची आहे, मागणी वाढली की पुरवठा वाढतो हे मला पहिल्या वर्षीच शिकवलंय. पांजरपोळाला देणगी आणि हा व्यवहार एक नव्हे.

बाकीचे दिवस थोडक्यात. एक दिवस फाहुरात, म्हणजे तिथली हिंदुस्थानी पेठ. साम योत स्टेशनवरून चालत. कापड, किराणा, डाळी, सगळं आपलं, आणि मोठा गुरुद्वारा. सिलोम-महेसक भागात रत्नांच्या व्यापारामुळे आपली जैन कुटुंबं आहेत, तिथे जैन मंदिरही आहे. दर्शनाच्या वेळा आधी विचारून घ्या. श्वेतांबर की दिगंबर हे इथे राहू द्या, परदेशात जिनबिंब दिसलं हेच खूप. एक सकाळ लुम्पिनी बागेत. बागेत माणसाएवढ्या लांबीच्या घोरपडी मोकळ्या हिंडतात आणि कुणी त्यांना दगड मारत नाही. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागतं, सगळे जागच्या जागी उभे राहतात, आपणही राहायचं.

रेशमाबद्दल लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. जिम थॉम्सन नावाच्या अमेरिकन माणसानं थाई रेशमाचा धंदा जगभर नेला आणि १९६७ साली मलेशियात फिरायला गेला असताना तो बेपत्ता झाला. त्याचं सागवानी घर बघण्यासारखं आहे. दुकान शेजारीच. किडे उकळून काढलेलं ते रेशीम घ्यायचं नाही म्हणून आपण बाहेर येणार, हे चांगलंच आहे. पण मग मुलीच्या लग्नातली पैठणी आणि पूजेची रेशमी साडी यांचं काय? मी गेली काही वर्षं सुती साडीनंच अभिषेकाला उभी राहते. दोन-चार जणींनी नाकं मुरडली होती.

आणि संध्याकाळ. सगळे म्हणतात, बँकॉक रात्री जागतं, तुम्ही पाचला जेवून काय करणार? उलट आहे हो. ज्यांना रात्री जेवायचं असतं त्यांची संध्याकाळ टेबल शोधण्यात जाते. आपलं सव्वापाचला आटोपलं की आपण मोकळ्या. स्कायट्रेन मध्यरात्रीपर्यंत चालते. नदीकाठी बसा, चायनाटाऊनच्या यावरात रस्त्यावरचे लाल-पिवळे दिवे बघा. पण तिथे हातगाड्यांवर काय काय टांगलेलं असतं ते ज्यांना बघवत नाही त्यांनी गाडीतूनच बघावं. 'डिनर क्रूझ'चे पैसे वाचले हे आणखी एक.

पैशांचा हिशोब मी वेगळा ठेवते. बात अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान असतो, तीन धरून चाला, उरले तर आनंद. चौघींची एक सामायिक थैली, रोज रात्री वहीत नोंद. रोख पैसे विमानतळावर खालच्या मजल्यावर, रेल्वेच्या स्टेशनाजवळच्या काउंटरवर बदला, वरच्या बँकांपेक्षा दर बरा असतो. एटीएम दर वेळी २२० बात किंवा जास्त कापतं, म्हणून सारखं काढू नका. कार्ड वापरताना यंत्र विचारतं, रुपयांत घेऊ की बातमध्ये? नेहमी बात. रुपये म्हटलं की ते आपल्या मनाचा दर लावतात. कुणी टूर पॅकेज घेतलंच तर त्यावर टीसीएस कापला जातो. तो बुडीत नव्हे, आपल्या पॅनवर जमा असतो आणि विवरणपत्र भरून परत मिळतो. म्हणून पावती कुणाच्या नावावर आहे ते बघा. आपले पैसे आणि पॅन मुलाचा असं होऊ देऊ नका. आणि वर्षात परदेशप्रवासावर २ लाखांच्या वर खर्च झाला तर उत्पन्न नसलं तरी विवरणपत्र भरावंच लागतं.

हे सगळं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आहेत आमच्या थोरल्या जाऊबाई. दादा जाऊन सहा वर्षं झाली. भाड्याचे पैसे त्यांच्या खात्यात येतात, एटीएमचं कार्ड मुलाच्या खिशात. पासपोर्ट कुठे आहे विचारलं तर म्हणाल्या, 'त्याच्या कपाटात असेल, मला कशाला लागतोय?' मुलगा चांगला आहे, वाईट काही नाही. पण 'आईला झेपणार नाही' हे तो आईला न विचारता सांगतो. शिखरजीच्या डोंगरावर सत्तावीस किलोमीटरची वंदना याच बाईनं दोनदा पायी केली आहे, उपाशी. तिला सपाट रस्त्यावरची स्कायट्रेन झेपणार नाही?

मी त्याला समोर बसवून वही दाखवली. कुठे राहणार, किती वाजता कुठे, विमा कुठला, औषधं कोणती, फोन चालू ठेवायची काय सोय. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर बघणार, हेही सांगितलं. त्यानं दोन-तीन प्रश्न विचारले, ते योग्य होते, त्यांची उत्तरं मी वहीत लिहून घेतली. मग तो उठला आणि कपाटातून पासपोर्ट काढून त्यानं माझ्या हातात दिला. मी तो जाऊबाईंच्या हातात दिला.

त्याची मुदत संपली होती. आता नूतनीकरणाला दिला आहे. तिथे उतरण्याआधी तीन दिवसांच्या आत एक फॉर्म संगणकावर भरावा लागतो, त्याला पैसे पडत नाहीत. तो जाऊबाई स्वतः भरणार आहेत. रोज दुपारी माझ्याकडे येऊन एका बोटानं इंग्रजी टाइप करायचा सराव चालू आहे. काल आडनाव बिनचूक आलं.